पाचवी मागणी

हे वाचणाऱ्या कुणाच्या पर्समध्ये सध्या घडी घातलेला रिपोर्ट असेल, तर आधी एक सांगून टाकते. मी बरी आहे. शाळेत जाते, नकाशे टांगते, पोरांवर ओरडते. हे पहिल्यांदा सांगायचं कारण असं, की आजारी असताना असलं लिखाण हाती आलं की मी थेट शेवटचं पान काढायचे. बाई जगली का, तेवढंच बघायचं असायचं. तुम्हालाही तेच बघायचं असणार. तर, जगली. आता निवांत वाचा. मला मात्र निवांत लिहिता येणार नाही. मुळात स्वभाव चुळबुळ्या, आणि त्या उन्हाळ्यात जी काही थोडीफार शांती अंगात होती तीही गेली.

रिपोर्ट

आमची शाळा शहरातल्या छावणी भागाच्या अलीकडे. विनाअनुदानित. म्हणजे पगार सरकार देत नाही, संस्था देते, आणि तिच्या सवडीनं देते. मी भूगोल शिकवते. आमच्यात कुणी आजारी पडलं की स्टाफरूममध्ये वर्गणी फिरायची. एका वर्षी ती इतक्या वेळा फिरली की गणिताचे शेख सर वैतागून म्हणाले, "ही वर्गणी बंद करा आता. विमा मागू संस्थेकडं. सगळ्यांचा." तिथून आमची कर्मचारी संघटना उभी राहिली. शेख सर अध्यक्ष झाले. मी सरचिटणीस, कारण माझा आवाज मोठा.

मार्च संपत आला होता. दुपारी चारला संस्थेच्या सचिवांसोबत बैठक होती आणि त्याच दिवशी सकाळी माझा रिपोर्ट मिळणार होता. छातीत डाव्या बाजूला गाठ लागत होती. दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे बरेच दिवस काणाडोळा केला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मीच आलेय," मी म्हणाले. "लवकर सांगा, चारला मिटिंग आहे."

त्यांनी सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला, पण नंतरची पंधरा वाक्यं मला ऐकूच आली नाहीत. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडमधले पेन रंगाप्रमाणे लावत बसले. त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. केमो, मग ऑपरेशन. हे दोन्ही सरकारी योजनेत बसेल. पण माझी गाठ ज्या जातीची होती तिच्यासाठी आणखी एक इंजेक्शन लागणार होतं. जूनच्या सुमारास सुरू करायचं आणि वर्षभर घ्यायचं. ते योजनेत बसत नव्हतं.

"नाही घेतलं तर?"

"तर ती परत येण्याची शक्यता बरीच वाढते," त्या म्हणाल्या. "विमा आहे का?"

मला हसू आलं. खरंच आलं. "चार वाजता मिळेल," मी म्हणाले.

बैठक

सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये एसी होता. मला मात्र घाम फुटलेला. आम्ही तिघं होतो: शेख सर, मी आणि मराठीची प्रियंका मॅडम. प्रियंकाला सातवा लागला होता, बीपी वाढत होतं, आणि तिचं बाळंतपण अवघड जाईल असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिला खुर्चीत नीट बसता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण माझं कारण कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं, तेवढंच.

आमच्या मागण्या पाच. विमा शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचा असावा. अर्धा हप्ता संस्थेनं भरावा. नवराबायको आणि मुलं त्यात यावीत. बाळंतपण धरावं. आणि पाचवी, आधीपासून असलेल्या आजारांचा खर्चही पहिल्या दिवसापासून मिळावा. ही सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी टाकलेली. पेपर काढताना अवघड प्रश्न शेवटी टाकायचा, ही आमची मास्तरांची सवय.

सचिव तासभर 'नाही' म्हणत राहिले. संस्थेची परिस्थिती, इमारतीचं काम, पालकांची थकलेली फी. शेख सर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक आहे साहेब. पाच जमत नसतील तर पाचापैकी कोणत्याही चार द्या."

हा माणूस आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढत आलेला. घरी भाजीसुद्धा 'खालीलपैकी कोणतीही एक' अशीच मागत असेल. त्यांच्या तोंडून ते सवयीनं गेलं.

सचिवांनी मान वर केली. "कोणत्याही चार?"

"कोणत्याही चार."

"मग पहिल्या चार मंजूर."

प्रियंकानं टाळी वाजवली. शेख सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पाचापैकी चार म्हणजे ऐंशी टक्के! पहिल्याच बैठकीत एवढं कुणाला मिळतं? चहा आला. बिस्किटं आली. मी बिस्किट हातात धरून बसले आणि ते चुरगळून माझ्या साडीवर सांडलं. सकाळी साडेदहापर्यंत मी निरोगी होते. त्यानंतर माझा आजार 'आधीपासून असलेला' झाला होता.

मी तिथं बोलले का नाही? हा प्रश्न नंतर मला कितीतरी जणांनी विचारला. भीती वाटली, म्हणून. आमच्याकडे कायम ऑर्डर नसते. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहून माणसाला घरी बसवायला एक ओळ पुरते. आजार सांगितला तर नोकरी जायची, नोकरी गेली की विमा जायचा. मी साडीवरचा चुरा झटकला आणि सगळ्यांबरोबर उठले.

घर

सासूबाई मूळच्या अजिंठ्याकडच्या, आमच्याजवळच राहतात. त्या दारातच उभ्या होत्या.

"काय म्हनला डाक्टर?"

"गाठ आहे."

"कसली?"

"वाईट."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू रडतीस का?"

"नाही."

"मंग म्या बी रडत नाय. जेव आधी."

विलास, माझा नवरा, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा माणूस घरी आला की मुका होतो, हे मला लग्नापासून माहीत. त्या दिवशी त्यानं न बोलता सगळी भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. मी म्हटलं, "अरे, काहीतरी बोल." तो म्हणाला, "काय बोलू? मला त्यातलं काय कळतंय?" मग मीच भडकले. आम्ही कॅन्सर सोडून नळाच्या गळक्या तोटीवरून भांडलो, आणि भांडण संपल्यावर दोघांनाही जरा बरं वाटलं.

हॉल

दुसऱ्या दिवशी मी शेख सरांना गाठलं आणि सांगितलं. ते फळा पुसत होते. डस्टर तसंच हातात धरून ते बाकावर बसले.

"या अल्ला," ते म्हणाले. "मॅडम, ये मैंने क्या कर दिया. माझ्या तोंडानं मी तुम्हाला बाहेर काढलं."

"रडू नका, सर. काय करायचं ते सांगा."

करारावर अजून सह्या व्हायच्या होत्या. पॉलिसी जूनमध्ये लागू होणार होती. तोपर्यंत पाचवी अट आत घातली तरच माझ्या इंजेक्शनचं काही होणार होतं. सरांनी सगळ्यांना शाळा सुटल्यावर हॉलमध्ये बोलावलं आणि मी उभी राहून सांगितलं. माझा आवाज मोठा आहे असं म्हटलं ना मघाशी? त्या दिवशी मागच्या रांगेला ऐकू गेला नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मग खेळाचे जाधव सर उठले. पन्नाशी जवळ आलेला, पण अंगानं पहिलवान माणूस. सकाळच्या परिपाठाला त्यांच्या शिट्टीवर अख्खी शाळा सरळ उभी राहते.

"मॅडमचं वाईट झालं," ते म्हणाले. "पर एका मानसासाठी समद्यांचं अडवायचं व्हय? जे मिळालंय ते घ्या अन् सही करा. आजार काढून कशाला बसायचं? आज यांनी काढला, उद्या आनखी कोन काढंल. संस्था म्हनंल, समदेच रोगी हायत, काढून टाका."

त्यांच्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मी त्याला घरी बोलावून भूगोल शिकवला होता. मला ते सगळं आठवलं आणि तोंड कडू झालं.

मग प्रियंका उठली. एका हातानं बाकाचा आधार घेऊन. "मला सही पाहिजे, मॅडम," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. माझी तारीख जूनमध्ये आहे. तुमच्यासाठी थांबलो आणि करारच फिसकटला तर मी काय करू?"

तिचं बरोबर होतं. मला ते कळत होतं आणि तरी तिचा राग आला. तिच्या पोटाचासुद्धा राग आला. असं वाटतं माणसाला. आजारी माणूस काही देवमाणूस होत नाही.

शेवटी शेख सरांनीच वाट काढली. करारावर सह्या करायच्या. पण आमच्या हातात एक हत्यार होतं ते खाली ठेवायचं नाही. बाहेरच्यांना हे माहीत नसेल. आमच्यासारख्या शाळांत मे महिन्यात मास्तरांना सुट्टी नसते. पत्रकं घेऊन दारोदार फिरायचं आणि विद्यार्थी गोळा करायचे. 'काकू, तुमच्या पोराला आमच्या शाळेत घाला हो.' पट भरला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर नोकरी. छावणी, पदमपुरा, भावसिंगपुरा, या आसपासच्या वस्त्यांतलं प्रत्येक कुत्रं आम्हाला ओळखतं. तर या मे महिन्यात पाचवी मागणी मान्य होईपर्यंत विद्यार्थी शोधायला कुणीही जायचं नाही, असं ठरलं. हात वर झाले. जाधव सरांचा झाला नाही.

'कितवं?'

केमोच्या हॉलमध्ये नाव कुणी विचारत नाही. 'कितवं?' असं विचारतात. पहिलं, तिसरं, पाचवं. पहिलं असेल तर सगळ्या बायका तुमच्याकडे दयेनं बघतात, शेवटचं असेल तर हेव्यानं. शीर सापडत नाही, नर्स हातावर टिचक्या मारत राहते. तोंड येऊ नये म्हणून चघळायला बर्फ देतात. एक सल्ला देते: केमोच्या दिवशी आवडीचं काही खाऊ नका. त्याचा वाससुद्धा पुढं सहन होत नाही. मी कांदाभजी कायमची गमावली.

सगळ्यात वाईट म्हणजे हलता येत नाही. हाताला सुई, वर बाटली, आणि माझं मन रस्त्यावर. कोण गेलं असेल पत्रकं वाटायला? कुणी गुपचूप गेलं का? मी मोकळ्या हातानं सारखी फोन लावत होते. शेजारच्या खुर्चीवर फुलंब्रीकडच्या एक बाई होत्या, चौथं चालू असलेल्या. त्या म्हणाल्या, "ताई, ठिवा की तो फोन. शाळा काय पळून चालली व्हय?"

"पळून नाही, ती गप बसलीय का ते बघतेय," मी म्हणाले.

त्यांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी आपल्या वाटणीचा बर्फ मला दिला.

केस गेले. एका दिवशी कंगवाच भरून आला, मग विलासनं मशीन आणून उरलेले काढले. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून कटपीस घेऊन आला, डोक्याला बांधायला. जांभळा, पोपटी, एक चट्ट्यापट्ट्यांचा. आयुष्यभर दुसऱ्या बायकांना साड्या निवडून देणाऱ्या माणसाची निवड इतकी भयंकर असेल असं वाटलं नव्हतं. मी हसले आणि पोपटी बांधला. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "आई, तू पोपट दिसतेस," आणि मग कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. तिचा रडण्याचा आवाज मात्र येत होता.

तरी माझा फोन काही थांबत नव्हता. एकदा विलास ओरडला, "तुझं लक्ष शाळेत आहे का जिवात?"

"दोन्ही एकच झालंय आता," मी ओरडले.

पदमपुऱ्यात

मे अर्धा गेला तरी सचिवांचा निरोप नव्हता. दुसऱ्या शाळांचे मास्तर आमच्या गल्ल्यांतून फिरत होते, आमची पोरं उचलत होते. आमच्यात कुजबूज वाढली होती. तुकडी मोडली तर आधी कुणाची नोकरी जाईल, याचे हिशेब लोक मनात मांडत होते. मला फोनवरच्या आवाजावरून ते कळायचं.

एका दुपारी केमो घेऊन रिक्षानं परत येत होते. विलास शेजारी, माझ्या हातात उलटीची पिशवी. पदमपुऱ्याच्या गल्लीत एका दारापुढं मला प्रियंका दिसली. आठवा महिना, डोक्यावर ओढणी, उन्हात. सोबत शेख सर. दारात एक बाई आणि तिचं पोरगं.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. रिक्षा थांबवली. विलास 'अगं, अगं' म्हणेपर्यंत मी खाली उतरले होते.

"लाज वाटत नाही?" मी ओरडले. आवाज परत आला होता, अख्ख्या गल्लीत घुमला. "तुम्हीच ठरवलं ना, सर? आणि तुझं तर काम झालंय प्रियंका, मग कशाला आलीस पोरं मागायला?"

"मॅडम, ऐका तरी," प्रियंका म्हणाली.

"काय ऐकू?"

"पोरं मागायला नाही आलो. उलटं सांगायला आलोय."

शेख सर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, आठ दिवस झाले, आम्ही दारोदार हेच करतोय. 'काकू, यंदा आम्ही प्रवेश मागत नाही. पोराला दुसरीकडं घालू नका, पण आत्ता आमच्याकडंही घालू नका. आधी सचिवांना जाऊन विचारा, तुमच्या पोरांच्या बाई आजारी पडल्या तर त्यांना औषध मिळणार का.' तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही केमो सोडून आमच्याबरोबर फिरायला निघाला असता."

हे मात्र अगदी खरं होतं.

दारातली बाई माझ्याकडे बघत होती. माझा रुमाल घसरला होता. "भूगोलाच्या मॅडम ना तुम्ही?" ती म्हणाली. "थोरल्याला होत्या की. काय झालं वो तुमाला हे?"

तेवढ्यात मला तिच्या उंबऱ्यापाशीच उलटी झाली. तिनं पाणी आणलं, माझं तोंड धुतलं, उंबरा धुतला. प्रियंका माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या पोटातलं मूल माझ्या कोपराला लागलं, हललंसुद्धा. मी तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम, सही मला हवी होती, ती झाली. म्हणून तुम्ही नको होतात असं थोडंच आहे?"

ती बाई दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेली. मग भावसिंगपुऱ्यातल्या गेल्या. छावणीतले बाप गेले. प्रवेशाच्या खिडकीवर पैसे भरायला कुणी नाही आणि सचिवांच्या दाराशी मात्र रांग. मे संपायच्या आत सचिवांनी शेख सरांना बोलावून घेतलं. चहाबिहा काही नाही. "सगळ्या गावात माझी बदनामी केलीत," एवढंच म्हणाले आणि पाचवी मागणी करारात घातली.

मी त्या दिवशी खूप रडले. सासूबाईंनी रडू दिलं. त्याही रडल्या.

खिडकीकडची रांग

शाळा उघडायच्या आधी विमा कंपनीचा माणूस हॉलमध्ये आला. तरुण, टापटीप. स्टेजवर सचिव बसले होते. प्रियंका नव्हती; ती आदल्या दिवशी बाळंत झाली होती, सिझेरियन, मुलगी, दोघी सुखरूप. पॉलिसी एक जूनपासून धरलेली, त्यामुळे तिचा खर्च विम्यातच बसला.

तो माणूस म्हणाला, "ज्यांना आधीपासून काही आजार आहे त्यांनी आजच सांगायचं. आज लपवलं आणि पुढं निघालं तर क्लेम मिळणार नाही. अशांनी कृपया खिडकीकडच्या खुर्च्यांवर यावं."

मी उठले. माझं सगळ्यांना माहीतच होतं. तरी मधल्या मोकळ्या जागेतून एकटीनं चालत जावं लागलं. सगळी शाळा एका बाजूला आणि मी पोपटी रुमाल बांधून दुसऱ्या बाजूला. सचिव बघत होते. एका माणसासाठी एवढं सगळं, असंच त्यांच्या मनात असणार. माझ्याही मनात तेच होतं.

मग शेख सर आले. "शुगर," ते म्हणाले, "किती वर्षांची ते विचारू नका." लोक हसले. मग बसचे ड्रायव्हर आले, त्यांच्या हृदयात स्टेंट होती. हे संस्थेला कळलं तर गाडी काढून घेतील म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग ग्रंथालयातल्या बाई. मग आणखी दोघं. प्रत्येक जण आधी स्टेजकडे बघत होता आणि मग येत होता. खिडकीकडे माझ्या शेजारी एकच खुर्ची मोकळी उरली.

"अजून कुणी?" त्या माणसानं विचारलं.

तो पेनाचं टोपण लावत होता, तेवढ्यात दारापाशी उभे असलेले जाधव सर पुढं आले. सावकाश. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा काहीतरी ऐकवणार. ते स्टेजसमोर थांबले आणि मैदानात बोलतात तसल्या आवाजात, सचिवांच्या तोंडाकडे बघत बोलले.

"फिट येतात मला. ल्हानपनापासून. गोळ्या चालू हायत. इथं कुनाला म्हाईत नाय."

खेळाचा मास्तर, पोरांना घेऊन मैदानात उतरणारा, स्वतःची रोजीरोटी हातात घेऊन उभा होता. आणि मला एकदम कळलं की त्या दिवशी या हॉलमध्ये तो माझ्याविरुद्ध बोलत नव्हता. 'आजार काढून कशाला बसायचं' म्हणाला तेव्हा घाबरला होता, माझ्याहून जास्त. मी महिनोन्‌महिने त्याचा तिरस्कार केला होता.

पाचवी मागणी करारात होती. सचिवांना बोलायला जागा नव्हती; आजारावरून कुणाला काढलं असतं तर गल्लीगल्लीतली ती रांग पुन्हा त्यांच्या दाराशी आली असती.

जाधव सर खिडकीकडे आले. कपाळावर घाम. ती शेवटची खुर्ची त्यांच्या अंगाला पुरत नव्हती.

"सरका जरा, मॅडम," ते म्हणाले.

मी सरकले.